घरच्या सोलरसाठी इन्व्हर्टर कोणता घ्यावा? आमच्याकडं लाईट दिवसातून चार-पाचदा जाते

सेलूकर_गुरुजी
नमस्कार मंडळी. घरावर सोलर बसवायचं वर्षभरापासून चाललंय, पॅनलचं ठरलं, ५४० वॅटचे ६ बसतील गच्चीवर, म्हणजे सव्वातीन किलोवॅट. पण इन्व्हर्टरपाशी येऊन सगळं अडलंय. गाव सेलूपासून ९ किलोमीटर, परभणी जिल्हा. उन्हाळ्यात बिल २८० युनिटपर्यंत जातं, कूलर दोन, फ्रीज, आणि बोअरची १ एचपीची मोटार. तीन जणांना विचारलं तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिला म्हणतो ऑनग्रिड घ्या, म्हणजे बॅटरीविना नुसता लाईनला जोडलेला, १ लाख ९० हजार, त्यातून सबसिडी वजा. दुसरा म्हणतो हायब्रिड घ्या, लाईन न् बॅटरी दोन्हीला जोडलेला, लिथियम बॅटरीसकट, ३ लाख ४० हजार. तिसरा गावातलाच दुकानदार, तो म्हणतो सबसिडीच्या नादी लागू नका, ऑफग्रिड घ्या, लाईनशी संबंधच नाही, न् चार ट्युब्युलर बॅटऱ्या ठेवा, कुणाच्या बापाचं भ्या नाही. आता मला सांगा, पहिलाच माणूस असंही म्हणला की दिवसा लाईट गेली तरी ऊन आहे तोवर पंखे चालत राहतील. हे खरं आहे का? खरं असेल तर मग जास्तीचे दीड लाख कशाला घालायचे?

तारतंत्री
गुरुजी, त्यानं तुम्हाला खोटं सांगितलंय, किंवा त्याला स्वतःलाच माहीत नाही. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की बंद पडतो, डोक्यावर कितीही ऊन असू द्या. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो, त्याला अँटी आयलँडिंग म्हणतात. कामून तसं, ते सांगतो. मी ३१ वर्षं लाईनवर काम केलं. वायरमन डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज काढतो न् खांबावर चढतो, त्याच्या हिशोबानं तार मेलेली असते. तुमच्या घरातून त्याच तारेत करंट उलटा आला तर तो माणूस गेला. आमच्या एका जोडीदाराला असाच झटका बसला होता, सोलरमुळं नाही, एका घरी जनरेटर चेंजओव्हर स्विच (लाईन न् जनरेटर एकत्र जोडू न देणारा) न बसवता लावला होता म्हणून. वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हा कुणी "सर, थोडी सेटिंग बदलून देतो, लाईट गेल्यावरबी चालंल" असं म्हणलं तर त्याला घरात घेऊ नका.

लाईट आल्यावरसुद्धा ऑनग्रिड लगेच सुरू होत नाही. लाईन स्थिर आहे का ते बघतो, मॉडेलनुसार १ ते ५ मिनिटं घेतो. दिवसातून पाचदा लाईट गेली तर तेवढी मिनिटं वर.

पैठण_रोड
मी तर म्हणतो एवढा विचारच करू नका, मोठ्या नावाचा घ्या, ल्युमिनस नाहीतर हॅवेल्स नाहीतर ग्रोवॅट, संपला विषय.

जालना_सोलरवाला
माझा धंदाच हा आहे ते आधीच सांगतो, पण मी सेलूला काम करत नाही त्यामुळं इथं मला विकायचं काही नाही. नावावरून सुरुवात करू नका. ल्युमिनस, यूटीएल, ग्रोवॅट, सनग्रो, हॅवेल्स, पॉलिकॅब सगळ्यांचे चालणारे मॉडेल आहेत न् सगळ्यांचे बंदबी पडतात. बंद पडल्यावर परभणी-नांदेडहून माणूस किती दिवसात येतो, बदली मशीन देतात का, हे दुकानदाराला नाही तर ज्याच्या घरी दोन वर्षांपासून लागलाय त्याला विचारा.

गुरुजी, दोन गोष्टी सांगा म्हणजे नीट बोलता येईल. एक, लाईट जाते ती किती वेळ आणि कोणत्या वेळी. दोन, तुमचं व्होल्टेज किती असतं. मल्टिमीटर नसेल तर सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो स्वस्तात. आठ दिवस वहीत लिहा, सकाळी, दुपारी १ वाजता, संध्याकाळी ७ वाजता. त्या वहीवरून इन्व्हर्टर ठरतो.

सेलूकर_गुरुजी
लिहितो सर, आजपासूनच. तोवर एक विचारू का, त्या तिसऱ्या माणसाच्या ऑफग्रिडमध्ये नेमकं वाईट काय? बाकी काही नाही, किंमत कमी वाटते.

जालना_सोलरवाला
वाईट असं नाही. जिथं लाईनच नाही अशा शेतातल्या आखाड्यावर मी स्वतः ऑफग्रिडच बसवतो. पण तुमच्या घरी नेट मीटर होऊ शकतं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागं ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० मिळतात, ते ग्रिडला जोडलेल्या सिस्टिमलाच, आणि पॅनल डीसीआर म्हणजे सेलपासून भारतात बनलेले लागतात. हायब्रिडलाबी मिळतात कारण तोही ग्रिडलाच जोडलेला, पण बॅटरीसाठी वेगळा रुपया नाही. ऑफग्रिडमध्ये दुपारी बॅटरी भरली की उरलेलं ऊन वाया, नेट मीटरमध्ये तेच युनिट तुमच्या खात्यावर जमा होतात. फक्त स्थिर आकार तेवढा भरावाच लागतो, बिल शून्य होतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरं, त्या दुकानदाराला विचारा आत चार्जर एमपीपीटी आहे का पीडब्ल्यूएम. हे विचारलंच पाहिजे. ५४० चं पॅनल साधारण ४१ व्होल्टला १३ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम त्याला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. २४ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना २७ व्होल्ट धरा, २७ गुणिले १३ म्हणजे ३५० वॅट. तुम्ही पैसे भरले ५४० चे, १९० वॅट तिथंच गेले, प्रत्येक पॅनलमागं. एमपीपीटी ते व्होल्टेज बदलून करंट वाढवून देतो, नुकसान थोडंसंच. आणि चार ट्युब्युलर म्हणजे १५० एएचच्या धरल्या तर कागदावर ७.२ युनिट, पण अर्ध्याच्या खाली उतरवायच्या नसतात, म्हणून हातात येतात साडेतीन. त्यात आपल्याकडचा मे महिना. लेड ॲसिड बॅटरी २५ अंशाला जेवढी टिकते त्याच्या निम्मीच ३५ अंशाला टिकते, आणि पायऱ्याखालच्या कोंदट खोलीत ठेवली तर तीन उन्हाळे काढले तरी नशीब.

उदगीरकर_ताई
आमच्याकडं ३ वर्षं झाली हायब्रिड चालूलालंय, ३ किलोवॅट, ५.१२ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. समाधानी आहे पण सुरुवातीचे दोन महिने रडकुंडीला आले होते ते सांगते, म्हणजे गुरुजींना तसा त्रास नको. बसवणाऱ्यानं आख्खं घर बॅकअपच्या आउटपुटवर टाकलं. लाईट गेली, कूलर चालू, मिक्सर लावला, तेवढ्यात सासऱ्यांनी बोअर चालू केला की धाडकन सगळं बंद. आम्हाला वाटायचं मशीनच खराब. १ एचपीची मोटार चालताना हजार वॅटच्या आसपास घेते पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, ते त्या मशीनच्या ताकदीबाहेरचं. मग गावातल्याच वायरमननं दोन वेगळे बोर्ड केले. एकावर हिरवी टेप चिकटवली, त्याच्यावर चार पंखे, लाईट, फ्रीज, वायफाय एवढंच. मोटार, गीझर, इस्त्री, मिक्सर दुसऱ्यावर, लाईट असेल तरच चालणार. त्या दिवसापासून एकदाही ट्रिप नाही. घरात सगळ्यांना, आमच्या धुणीभांडीवाल्या मावशींनासुद्धा, हिरव्या टेपचं माहीत आहे.

पंखे बदलून घ्या, जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी ३० च्या आसपास. बॅटरी मोठी घेण्यापेक्षा ते स्वस्तात पडतं.

गोदाकाठ_नांदेड
व्होल्टेजबद्दल लिहितो कारण आमचं सहा महिने त्यातच गेलं. ऑनग्रिड बसवला, सकाळी छान चालायचा, अकरा वाजले की "ओव्हर व्होल्टेज" दाखवून बंद, पाच मिनिटांनी चालू, परत बंद. ऐन उन्हात. बसवणाऱ्या कंपनीनं मशीन बदलून दिलं, नवीनचंही तेच. शेवटी माझ्या साडूनं, तो पॉलिटेक्निकला शिकवतो, खांबापासून घरापर्यंतची वायर बघितली. ६० मीटर लांब न् ४ स्क्वेअरची, म्हणजे ४ चौरस मिलिमीटर जाडीची, ॲल्युमिनियम. त्यानं कागदावर मांडून दाखवलं, जाऊन-येऊन १२० मीटर, तिचा रोध ०.८४ ओहम, ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर बाहेर ढकलताना त्या वायरीतच ११ व्होल्ट लागतात. खांबावर २४४ असले तर इन्व्हर्टरपाशी २५५, आणि माझ्या मशीनची वरची मर्यादा २५३ ला होती. १० स्क्वेअरची वायर टाकली, साडेचार व्होल्टवर आलं, फॉल्ट गायब. मशीनचा काही दोष नव्हता हो, उगीच त्या पोराला बोललो मी.

सेलूकर_गुरुजी
आठ दिवस झाले, वही समोर आहे. सकाळी ६ ला २०५ ते २१२. दुपारी १ ला २३६ ते २४१. संध्याकाळी ७ ला १७२, एक दिवस तर १६८, ट्यूबलाईट लागत नव्हती. लाईट आठ दिवसात ३४ वेळा गेली, त्यातले बहुतेक १०-१५ मिनिटांचे झटके, उन्हाच्या वेळेतले मिळून ८ तास. रात्री दोनदा मोठी गेली, एकदा ३ तास, एकदा वारं सुटल्यावर साडेचार तास. खांबापासून वायर ३५ मीटर, ४ स्क्वेअर.

आणखी एक, आधी लिहायचं राहिलं. आई ७९ वर्षांची आहे, फुप्फुसाचा त्रास आहे, डॉक्टरांनी रात्री ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलंय, ५ लिटरचं. त्यावर ३५० वॅट लिहिलंय. सध्या जुन्या ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर चालवतो, पण त्यावर मशीन वेगळाच आवाज करतं, घरघरल्यासारखं, पंखेसुद्धा गुणगुणतात.

तारतंत्री
गुरुजी, ही शेवटची गोष्ट पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होती! तो जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह आहे. त्यावर काँप्रेसरची मोटार घरघरते न् तापतेबी. मशीनला प्युअर साइन वेव्हच पाहिजे, म्हणजे लाईनसारखाच गुळगुळीत करंट देणारा. सोलरचं जे व्हायचं ते होईल, त्याला दोन महिने लागतील, तोवर आईसाठी साइन वेव्हचा छोटा इन्व्हर्टर या आठवड्यातच बदलून घ्या, बॅटरी तीच चालंल. आणि भरलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर घरात ठेवा, रेग्युलेटर लावून, किती तास पुरतं ते डॉक्टरांना विचारून. कितीबी भारी इन्व्हर्टर घेतला तरी सिलिंडर काढायचं नाही.

जालना_सोलरवाला
आता चित्र स्पष्ट झालं. आधी पैशाचा हिशोब प्रामाणिकपणे मांडतो. उन्हाच्या वेळेत रोज सरासरी १ तास लाईट नसते, तेवढ्यात ऑनग्रिडचे रोज २, फार तर अडीच युनिट बुडतील. महिन्याला ६०-७५. सव्वातीन किलोवॅट आपल्याकडं दिवसाला सरासरी १२-१३ युनिट देतं. नुसत्या त्या बुडणाऱ्या युनिटांसाठी दीड लाख जास्त घातले तर ते पैसे वसूल होत नाहीत. आई घरी नसत्या तर मी सरळ म्हणलो असतो, ऑनग्रिड घ्या आणि पंख्यांना जुना बॅटरी इन्व्हर्टर राहू द्या, बहुतेकांना मी तेच सांगतो. पण तुमच्याकडं रात्री ३५० वॅट थांबलेलं चालत नाही. साडेचार तास म्हणजे एकट्या मशीनला दीड युनिटच्या वर, पंखे धरून दोन. हायब्रिड न् ५ युनिटची लिथियम, हेच घ्या.

घेताना हे बघा. तुमचे ६ पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक जोडलेले, प्रत्येकाचं ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचं) साडे४९ च्या आसपास, म्हणजे २९७. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं हे पुष्कळ बसवणाऱ्यांना माहीतच नसतं. परभणीत डिसेंबरात पहाटे ५ अंश काही नवीन नाही, तेव्हा ते ३१३ होईल. मशीनची कमाल डीसी मर्यादा ५०० असेल तर निर्धास्त. मी एका ठिकाणी दुरुस्तीला गेलो होतो, तिथं १२ पॅनल एका ओळीत टाकले होते, उन्हाळाभर चाललं, मशीन ६०० व्होल्टचं, हिवाळ्यात एका सकाळी ऊन पडल्या पडल्या बोर्ड गेला. आत उघडून बघितलं तर इनपुटचे कपॅसिटर फुगून टोपणं वर आलेली. वॉरंटीतबी बसलं नाही, मर्यादा ओलांडली होती म्हणून.

उलट उन्हाळ्यात पॅनल ६५-७० अंशाला तापतं, अंशामागं ०.३५ टक्के घटतं, म्हणजे सव्वातीनचे भर दुपारी पावणेतीनच निघतात. म्हणून ३ किलोवॅटचं मशीन पुरतं, ५ चं गळ्यात मारत असतील तर नको म्हणा. मशीन गच्चीवर पत्र्याखाली अजिबात नको. ४५ अंशाच्या वर गेलं की ते स्वतःच पॉवर कमी करतं. उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, चारी बाजूनं वीतभर मोकळं.

आणि तुमचं संध्याकाळचं १७२ हीच खरी अडचण. पुष्कळ हायब्रिड एवढ्या खाली ग्रिड सोडून देतात न् बॅटरीवर जातात. रोज संध्याकाळी ७ ला बॅटरी रिकामी व्हायला लागेल आणि रात्री आईच्या मशीनला उरणार नाही. खालची मर्यादा किती आणि ती किती बदलता येते, हे माहितीपत्रकात स्वतःच्या डोळ्यानं वाचा.

तारतंत्री
१७२ चं मी सांगतो. दुपारी २४० न् संध्याकाळी १७२ म्हणजे तुमच्या फेजवर घरं जास्त आहेत. गावठाणच्या डीपीवर तीन फेज असतात, वायरमनला म्हणा टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं) लावून तिन्ही फेजचा करंट बघ संध्याकाळी. एकावर ९० न् दुसऱ्यावर ४० असं नेहमी सापडतं. हलक्या फेजवर काही घरं टाकली की निम्मं काम होतं. लेखी अर्ज द्या, चार-पाच शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन. पोच घ्या.

अर्थिंगमध्ये कंजुषी नको. तीन वेगळे खड्डे, एक डीसीचा, एक एसीचा, एक वीजरोधकाचा, म्हणजे आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्याचा. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम करंट घेते पण मे महिन्यात भेगा पडून रॉडपासून सुटते, न् वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. खड्ड्याला पाइप ठेवा न् उन्हाळ्यात आठ दिवसाला बादलीभर पाणी घाला. रीडिंग ५ ओहमच्या आत आलेलं तुमच्या समोर मोजून घ्या.

पैठण_रोड
वरती घाईनं लिहिलं होतं मी, वाचून बरंच कळलं. एक शंका, शेतात आम्हाला मागेल त्याला सौर कृषी पंपमधून ५ एचपीचा पंप मिळालाय, पाऊसकाळात चार महिने पॅनल नुसतेच असतात, त्याच्यावरून आखाड्यावरचे बल्ब-पंखे चालवता येतील का?

जालना_सोलरवाला
त्या कंट्रोलरवरून थेट नाही दादा. तो मोटारीसाठी तीन फेज आणि उन्हाप्रमाणं कमीजास्त होणारी फ्रिक्वेन्सी देतो, पंखा-टीव्ही जळेल. आखाड्याला छोटं वेगळं पॅनल लावा.

सेलूकर_गुरुजी
तीन महिन्यांनी लिहितोय, माफ करा. हायब्रिडच घेतला, खालची मर्यादा १६० पर्यंत उतरवता येणारा. खांबापासून १० स्क्वेअरची वायर टाकली. अर्जावर अकरा सह्या झाल्या, वायरमननं आमच्या गल्लीतली सात घरं दुसऱ्या फेजवर घेतली, आता संध्याकाळी १९६ ते २०० असतं. हिरव्या टेपचा बोर्ड केला, ताई, त्यावर आईचं मशीन, पंखे, लाईट, एवढंच, फ्रीजसुद्धा घेतला नाही.

एक मात्र घोटाळा झाला होता. बसवून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री दहाला सहज ॲपमध्ये बघितलं तर लाईट असताना बॅटरी ३१ टक्के. पोटात गोळाच आला. फोन केला तर म्हणाले, सर मशीन बरोबर चाललंय, संध्याकाळी आधी बॅटरी वापरतं न् मग ग्रिड, बिल वाचतं त्यानं.

उदगीरकर_ताई
सेल्फ यूज मोडवर सोडून गेलेत गुरुजी! कारखान्यातून बहुतेक तसाच येतो. बॅकअप मोडवर टाका, म्हणजे लाईट असेपर्यंत बॅटरी भरलेलीच राहते. नाहीतर राखीव टक्केवारी ८० करून ठेवा.

सेलूकर_गुरुजी
केलं ताई, त्याच रात्री केलं, फोनवरच सांगून करून घेतलं. परवा वारं-वावधान सुटलं, रात्री ११ ला लाईट गेली ती पहाटे ४ ला आली. मी मशीनपाशीच खुर्ची टाकून बसलो होतो. लाईट गेली तेव्हा मशीनचा आवाजसुद्धा बदलला नाही, आईला कळलंच नाही. ४ वाजता बॅटरी ५३ टक्के होती. सिलिंडर कोपऱ्यात तसंच आहे, तारतंत्री काका, काढलेलं नाही.

आता पॅनल धुवायचं विचारायचं होतं. बोअरच्या पाण्यानं धुतले तर पांढरे डाग राहायलेत.

गोदाकाठ_नांदेड
क्षार आहेत ते, काचेवर बसले की निघता निघत नाहीत. पावसाचं साठवलेलं नाहीतर फिल्टरचं पाणी, मऊ फडकं, आणि सकाळी सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच टाकू नका. आत्ताचे डाग पांढऱ्या व्हिनेगरात पाणी घालून हलक्या हातानं पुसा, लगेच साध्या पाण्यानं धुवा, फ्रेमच्या कडेला साचू देऊ नका.